तंजावरचे श्वार्ट्झ साहेब

खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींकडून एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. तो असा की, वरिष्ठांचा मान राखावा अशी जर देवाच्या वचनाची आज्ञा आहे, तर वरिष्ठ स्वतःच अन्यायी, लोभी अथवा परधर्मीय असल्यास ख्रिस्ती मनुष्याने कसे वागावे? याच्या पाठोपाठ बहुधा दुसराही प्रश्न येतो. मोठा मोह आला म्हणजे तो मोह आहे हे तत्काळ ओळखू येते; परंतु कोणी खुशीने चार पैसे हाती ठेवले, किंवा वजनामापात थोडे इकडचे तिकडे झाले, तर त्यात एवढे काय बिघडले? हे दोन प्रश्न निराळे दिसतात खरे. तथापि ते एकाच खोडाच्या दोन फांद्या आहेत असे आम्हास वाटते. ते कसे, हे वादविवाद करून सिद्ध करण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र सांगून दाखवावे हे बरे. तो मनुष्य म्हणजे ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हे जातीचे जर्मन. परंतु त्यांच्या आयुष्याची सत्तेचाळीसहून अधिक वर्षे आपल्या देशात गेली, आणि त्यांतील महत्त्वाचा भाग तंजावरच्या मराठे राजांच्या सहवासात गेला. म्हणून मराठी वाचकांस ते परके वाटू नयेत.

श्वार्ट्झ यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1726 रोजी ब्रांडेनबुर्ग प्रांतातील सोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव आता पोलंड देशात मोडते. मूल अगदी तान्हे असतानाच आई वारली. मरणसमयी तिने आपल्या पतीस व गावच्या पाळकास जवळ बोलावून सांगितले की, हा मुलगा मी प्रभूच्या सेवेस वाहिला आहे. पुढे त्या कामाकडे त्याचा ओढा दिसला, तर त्यास अडवू नये. वडिलांनी मुलास साधेपणाने व शिस्तीने वाढवले. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो हाले येथील विद्यापीठात गेला. तेथे मद्रासेहून परतलेले शुल्ट्झ नावाचे वृद्ध मिशनरी तामिळ भाषेतील पवित्र शास्त्र छापण्याच्या खटपटीत होते. त्या कामी मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ तामिळ शिकू लागले. ते छापण्याचे काम तडीस गेले नाही, परंतु शिकलेली भाषा वाया गेली नाही. ज्यांच्या हाती त्या संस्थेची सूत्रे होती त्या फ्रांके गुरुजींनी या तरुणास विचारले की, तू हिंदुस्थानात जाशील काय?

येथे त्यांच्या आज्ञाधारकपणाची पहिली परीक्षा झाली. देवाचे बोलावणे आले, आता घरच्यांस विचारण्याचे काय प्रयोजन, असे त्यांनी मानले नाही. ते पायी घरी गेले व वडिलांपुढे सर्व हकिकत ठेवून त्यांची संमती मागितली. घरातील वडील मुलगा, घराण्याचा आधार. म्हातारपणी तोच समुद्रापार जाणार, आणि पुन्हा दृष्टीस पडेल याची आशा नाही. वडिलांनी विचार करण्यास दोनतीन दिवसांची मुदत मागितली व ते माडीवरील खोलीत जाऊन बसले. खाली घरातील सर्वजण वाट पाहत राहिले. ठरलेल्या दिवशी ते जिना उतरून खाली आले, मुलास आशीर्वाद दिला, आणि आपला देश व बापाचे घर विसरून परक्या लोकांस ख्रिस्ताकडे आणण्यास जा, असे सांगून त्यास निरोप दिला. श्वार्ट्झ यांनी वडिलोपार्जित मिळकतीतील आपला वाटा भावंडांस सोडून दिला व ते निघाले.

मार्गाला लागतात न लागतात तोच पहिला मोह समोर आला. घराजवळच चांगल्या प्राप्तीची पाळकाची जागा त्यांना देऊ करण्यात आली. वाचकहो, या मोहात वाईट असे काय होते? काम देवाचेच होते, देश आपला होता, वडील जवळ होते. मोह पुष्कळ वेळा असाच चांगल्या वस्तूचे रूप घेऊन येतो. परंतु एकदा दिलेला शब्द हा धन्याचा आहे, आपला नव्हे, असे समजून त्यांनी ती जागा नाकारली. 1749 साली कोपनहेगन येथे त्यांस दीक्षा मिळाली, आणि जुलै 1750 मध्ये ते तरंगमबाडी येथे येऊन पोहोचले. डेनमार्कच्या राजाच्या आश्रयाने झीगेनबाल्ग व त्यांचे सोबती यांनी 1706 साली जे मिशन तेथे सुरू केले होते, तेच हे ठिकाण होय. आल्यापासून चार महिन्यांच्या आत श्वार्ट्झ यांनी तामिळ भाषेत पहिला उपदेश केला.

सुमारे बारा वर्षे तरंगमबाडीस काम केल्यावर ते त्रिचनापल्लीस गेले. तेथे ते एका जुन्या इमारतीतील एका खोलीत राहत. खोली एवढी लहान की, बिछाना पसरला म्हणजे उभे राहण्यापुरतीच जागा उरे. अन्न म्हटले म्हणजे या देशाच्या रीतीने शिजवलेला भात व भाजी. अंगावर काळे रंगवलेले साधे सुती कापड. त्या किल्ल्यात इंग्रजी फौज होती, आणि तिचा पाळक कोणी नव्हता. श्वार्ट्झ साहेब शिपायांस उपदेश करू लागले. 1763 साली दारूच्या कोठाराचा भडका होऊन पुष्कळ माणसे मेली व त्यांची मुले पोरकी झाली. त्या मुलांकरिता त्यांनी शाळा काढली. 1764 साली मदुरेच्या वेढ्यात जखमी शिपायांची त्यांनी शुश्रूषा केली, तेव्हा अर्काटच्या नवाबाने त्यांस मोठे बक्षीस दिले. ते अनाथांच्या व धर्माच्या कामी गेले. पुढे मद्रास सरकारने फौजेच्या पाळकाचे काम करण्याबद्दल वर्षाला शंभर पौंड वेतन ठरवले. त्यातूनही मिशनची इमारत व शाळा उभी राहिली. ते अविवाहित होते, म्हणून त्यांना हे साधले असे कोणी म्हणेल. परंतु गरजा थोड्या म्हणजे लोभ थोडा, असे मुळीच नाही. एकट्या माणसाचा लोभही पुष्कळदा अफाट असतो, हे आपण पाहतोच. त्यांनी आपल्या गरजा व आपला लोभ, दोहोंसही आवर घातला होता.

आता तंजावरकडे वळू. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तेथे मराठ्यांचे राज्य स्थापले, व त्यांचे वंशज तेथे राज्य करीत होते. 1769 साली श्वार्ट्झ साहेब प्रथम तुळजाजी राजांच्या भेटीस गेले. बोलणे चालले असता मिठाई आणण्यात आली. ती तोंडात घालण्यापूर्वी साहेबांनी, आम्ही ख्रिस्ती लोक देवाचे आभार मानल्यावाचून काही खात नाही, असे सांगून तेथेच प्रार्थना केली. राजाचा दरबार आहे, येथे आपली रीत थोडी झाकून ठेवावी, असे त्यांच्या मनात आले नाही. आणि आपली रीत दाखवण्याकरिता राजाचा यत्किंचितही अवमान त्यांनी केला नाही. राजे त्यांजवर प्रसन्न झाले. पुढे अनेक वर्षे त्यांचा स्नेह राहिला. राजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, परंतु साहेबांचे बोलणे ऐकून घेण्याचे त्यांनी सोडले नाही. आणि साहेबही रयतेवर होणारा जुलूम व राजवाड्यातील ऐषआराम यांविषयी राजाच्या तोंडावर, पण अदबीने बोलत.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अंमलदाराजवळ राहत होती. विवाह झालेला नव्हता. त्या अंमलदारापासून ती ख्रिस्ती धर्माविषयी शिकली व तिने श्वार्ट्झ साहेबांकडे बाप्तिस्मा मागितला. ब्राह्मण कुळातील बाई, पाठीशी इंग्रज अधिकारी. असे माणूस मंडळीत आले तर मंडळीचे वजन वाढेल, हा विचार कोणाही उपदेशकास भुरळ पाडण्याजोगा होता. साहेबांनी स्पष्ट सांगितले की, असा संबंध चालू असता बाप्तिस्मा देता येत नाही. पुढे तो अंमलदार वारला. त्यानंतर 1778 साली साहेब पाळयंकोट्टई येथे गेले असता त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला, व तिचे नाव क्लोरिंदा ठेवण्यात आले. याच बाईच्या खटपटीने 1785 साली पाळयंकोट्टईस देऊळ उभे राहिले, आणि तिरुनेलवेली प्रांतातील मोठ्या मंडळीचा तो आरंभ ठरला. नकार ऐकूनही तिची श्रद्धा तुटली नाही; उलट ज्या मनुष्याने तिला नकार दिला होता, त्याच्याच हातून तिने बाप्तिस्मा घेतला. नियम सर्वांस सारखा आहे असे दिसले म्हणजे लोक नियमाचा मान राखतात.

1779 साली मद्रासचे गव्हर्नर रंबोल्ड यांनी साहेबांस बोलावून विनंती केली की, म्हैसूरच्या हैदरअलीकडे जाऊन कंपनी सरकारचा मनोदय सलोख्याचा आहे अशी त्यांची खात्री करून द्यावी. साहेब विचारात पडले. धर्मोपदेशकाने राजकारणात शिरावे काय? अखेर, रक्तपात टळत असेल तर जावे. हैदरच्या मुलुखात सुवार्ता सांगण्याची संधी मिळत असेल तर जावे. आणि ज्या सरकारने आजवर उपकार केले त्याची आज्ञा मोडू नये, असे त्यांनी ठरवले. परंतु निघण्यापूर्वीच एक निश्चय मनाशी केला: या कामात कोणाचीही भेट अथवा नजराणा घ्यावयाचा नाही, हात स्वच्छ ठेवावयाचे. वाचकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. मोह समोर उभा राहिल्यावर निश्चय करू म्हणणारा बहुधा पडतो. दानीएलाने राजाचे पक्वान्न ताटात येण्यापूर्वीच मनात ठरवून टाकले होते.

श्रीरंगपट्टणास हैदरअलीने साहेबांस आपल्या शेजारी गालिच्यावर बसवून घेतले व मोकळेपणाने बोलणे केले. साहेबांनी तेथे जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. हैदरच्या पदरी दोनशे माणसे चाबूक घेऊन सज्ज असत, आणि कोणास तरी फटके बसले नाहीत असा दिवस जात नसे. मोठमोठ्या अंमलदारांचीही त्यातून सुटका नव्हती. तरीपण त्याच हैदरने पोरक्या मुलांस अन्नवस्त्र देऊन वाढवण्याची जी व्यवस्था केली होती, तिची साहेबांनी वाखाणणी केली. अधिकाऱ्याचा जुलूम तो जुलूमच, आणि चांगले ते चांगलेच. एकाकडे पाहून दुसऱ्याविषयी आंधळे होऊ नये, हा खरा आदर होय. हैदरच्या फौजेत काही युरोपियन शिपाई होते. त्यांच्यामध्ये साहेबांनी उघडपणे उपासना चालवली, व त्यांस कोणी हरकत केली नाही.

निघतेवेळी हैदरच्या कामदारांनी वाटखर्चाकरिता तीनशे रुपयांची एक थैली आणून दिली. साहेब ती घेईनात. कामदार म्हणाले की, ही परत नेली तर आमच्या जिवावर बेतेल. तर मग मीच ती हुजुरांस परत करितो, असे साहेबांनी म्हटले. परंतु एकदा निरोपाची भेट झाल्यावर पुन्हा आत जाण्याची रीत नाही, असे उत्तर मिळाले. आपण मोठी देणगी घेणार नाही हे जाणूनच सरकारांनी ही केवळ वाटखर्चापुरती रक्कम ठरवली आहे, असेही त्यांनी सांगितले. तेव्हा गरीब चाकरांस संकटात घालू नये म्हणून साहेबांनी थैली घेतली. आणि मद्रासेस पोहोचताच ती जशीच्या तशी सरकारच्या हवाली केली. सरकारने ती त्यांजकडेच ठेवण्यास सांगितले, तेव्हा तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेस ती लावण्याची त्यांनी परवानगी मागितली. सरकारने या कामगिरीबद्दल त्यांस बक्षीस देऊ केले, तेही त्यांनी घेतले नाही. मात्र त्रिचनापल्लीस काम करणारे आपले सोबती पोहले यांस आपल्याइतकेच वेतन मिळावे, एवढे मागणे मागितले.

या थैलीकडे पाहताना आम्हास अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी आठवतो. नामानाने खुशीने दिलेल्या वस्तू धन्याने नाकारल्या, आणि चाकर धापा टाकीत त्याच वस्तूंच्या मागे धावला. नामान काही गरीब झाला नसता. कोणाचे काही चोरीस गेले नव्हते. परंतु देवाची कृपा विकत मिळते असा समज त्या परक्या सरदाराच्या मनात राहिला असता, हे गेहजीस दिसले नाही. श्वार्ट्झ साहेबांनी थैली घेऊन स्वस्थपणे खर्च केली असती तर जगाने दोष दिला नसता. तथापि पुढे जे घडले ते घडले नसते.

पुढे काय घडले, तेही ऐका. 1780 साली तह टिकला नाही व हैदरअली मोठ्या फौजेनिशी कर्नाटकावर चालून आला. गावे जळाली, शेते ओस पडली, हजारो लोक किल्ल्यांच्या आश्रयास धावले. अशा त्या धामधुमीत हैदरने आपल्या सरदारांस हुकूम दिला होता की, हा पाद्री साधुपुरुष आहे, त्यास कोठेही अडवू नये, सन्मानाने जाऊ द्यावे. शत्रूच्या छावणीतून साहेब निर्धास्तपणे येजा करीत.

तंजावरात भयंकर दुष्काळ पडला. रस्त्यांतून माणसे मरून पडू लागली. साहेबांनी स्वस्ताईच्या वेळी तांदूळ घेऊन ठेवला होता, तो उपाशी लोकांस वाटण्यात आला. परंतु किल्ल्यातील फौजेसच धान्य उरले नाही. बाहेर खेड्यांत धान्य होते, पण ते आणण्यास बैल मिळेनात. राजाने हुकूम सोडले, इंग्रज अधिकाऱ्यांनी सोडले, कोणी येईना. कारण पूर्वी ज्यांनी बैल दिले त्यांस भाडे मिळालेच नव्हते. मधल्या कामदारांनी पैसा गिळला होता. शेवटी राजाने कबूल केले की, आमची व तुमची, दोघांचीही पत गेली आहे; आता लोक श्वार्ट्झवर विश्वास ठेवतात काय ते पाहावे. साहेबांनी गावोगाव चिठ्ठ्या पाठवल्या की, भाडे मी स्वतः आपल्या हाताने चुकते करीन. एकदोन दिवसांत हजारांहून अधिक बैल दारात उभे राहिले. साहेबांच्या मंडळीतील एक उपदेशक व काही ख्रिस्ती लोक जिवावर उदार होऊन त्या बैलांबरोबर मुलुखात गेले, आणि थोड्याच अवधीत त्यांनी ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आणले. कलम हे त्या प्रांतातील धान्याचे माप आहे. किल्ला वाचला. साहेबांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले व सर्वांस घरी लावून दिले.

बंधूंनो, त्या उपदेशकाचे नाव आम्ही येथे देत नाही. परंतु स्वर्गातील पुस्तकात ते आहे याविषयी आम्हास शंका नाही. राजाचा शिक्का व कंपनीची बंदूक यांनी जे झाले नाही, ते एका काळ्या सुती अंगरख्यातील मनुष्याच्या चिठ्ठीने झाले. तीनशे रुपयांच्या थैलीपाशी जो टिकला, त्याच्या शब्दावर हजार बैल आले. शमुवेल संदेष्टा म्हातारपणी सर्व इस्राएलासमोर उभा राहून आपल्या हातांचा हिशेब देऊ शकला, तसेच हे होय.

पुढे तंजावरच्या कामदारांच्या जुलमास कंटाळून पुष्कळ शेतकरी मुलूख सोडून गेले. पेरणीचा हंगाम चालला, जमीन पडीक राहू लागली. राजाने त्यांस बोलावले, पण राजाच्या शब्दावर कोणाचा भरवसा राहिला नव्हता. साहेबांनी राजाकडून न्यायाचे वचन घेऊन मग शेतकऱ्यांस निरोप पाठवला, तेव्हा एका दिवसात सात हजार माणसे परत आली, व बाकीचे त्यांच्या मागून आले. हंगाम सरत आला आहे, झपाट्याने कामास लागा, असे साहेबांनी सांगताच त्यांनी रात्रंदिवस राबून शेते लावली. यात दोन्ही बाजू पाहण्याजोग्या आहेत. साहेबांनी शेतकऱ्यांस राजाविरुद्ध चिथावले नाही. आणि राजाची मर्जी राखण्याकरिता शेतकऱ्यांचे दुःखही दडवले नाही. चोरी व दरोडे हाच ज्यांचा पिढीजात धंदा होऊन बसला होता अशा कळ्ळर लोकांतील काहीजण त्यांच्या उपदेशाने सुधारले, तेव्हा त्यांसही त्यांनी हेच शिकवले की, चोरी सोडा, जमीन कसा, आणि सरकारचे देणे वेळेवर द्या.

सर्वांत मोठा मोह मात्र 1787 साली आला. तुळजाजी राजांस पुत्र राहिला नव्हता. त्यांनी सरफोजी नावाच्या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. आणि मृत्यू समीप आला असे पाहून श्वार्ट्झ साहेबांस बोलावून तो मुलगा त्यांच्या स्वाधीन करू लागले. राजाचा पालक होणे म्हणजे हाती राज्यच येणे. ख्रिस्ती मंडळीस राजाश्रय मिळेल, देवळे उठतील, शाळा निघतील. असे किती मनोरथ रचता आले असते! साहेबांनी नम्रतेने नकार दिला. परका धर्मोपदेशक राज्य चालवू लागला तर कलह माजेल व मुलाचेच अहित होईल. राजबंधू अमरसिंह यांस कारभार सोपवावा व मुलास त्यांच्या मांडीवर द्यावे, असे त्यांनी सुचवले. राजांनी तसे केले व थोड्याच दिवसांत ते वारले.

या नकाराचे फळ प्रथम कडू निघाले, हे आम्ही लपवीत नाही. अमरसिंहाने गादीवर स्वतःचाच हक्क सांगितला. पंडितांनी दत्तकविधान अशास्त्र ठरवले, कंपनी सरकारने ते मान्य केले, आणि अमरसिंह राजा झाला. सरफोजीस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. तेव्हा वृद्ध श्वार्ट्झ पुढे सरसावले. त्यांनी बंड केले नाही, कटही केला नाही. जे त्यांच्यावरचे अधिकारी होते त्यांजकडे अर्जावर अर्ज केले, खरी हकिकत लिहून कळवली, आणि 1793 साली सरफोजीस व तुळजाजी राजांच्या राण्यांस मद्रासेस सुरक्षित नेण्यात आले. तेथे राजपुत्राच्या शिक्षणाची नीट व्यवस्था झाली. दत्तकाचा निर्णय पुन्हा तपासला जावा म्हणून साहेब शेवटपर्यंत लिहीत राहिले. 1798 साली सरफोजी राजे गादीवर बसले. परंतु तो दिवस पाहण्यास साहेब राहिले नव्हते.

येथे त्यांची एक उणीवही सांगितली पाहिजे. कारण थोर पुरुषाचे दोष झाकून केलेले चरित्र वाचकांच्या उपयोगी पडत नाही. त्यांच्या मंडळीत उच्च म्हणवणारे व हलके मानलेले ख्रिस्ती लोक देवळात निरनिराळे बसत. हे जातीचे अंतर प्रेमाने व शिक्षणाने हळूहळू आपोआप नाहीसे होईल, असे समजून साहेबांनी ते सहन केले. ते नाहीसे झाले नाही. 1833 साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी ते बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरच्या पुष्कळ लोकांनी मंडळीच सोडली. राजापुढे जे भ्याले नाहीत, ते आपल्याच मंडळीतील वजनदार लोकांपुढे नरमले. पैशाचा मोह ओळखणे सोपे; आपली माणसे दुखावू नयेत हा मोह ओळखणे फार कठीण. आमच्या मंडळ्यांतूनही, या घरचे पाणी चालते व त्या घरचे चालत नाही, असे जेथे अद्याप मनात धरले जाते, तेथे श्वार्ट्झ साहेबांच्या या चुकीपासूनही आपण शिकावे. वडिलांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या चुका पुढे चालवणे नव्हे.

13 फेब्रुवारी 1798 रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षात, तंजावर येथे साहेबांचे देहावसान झाले. मृत्यूपूर्वी सरफोजी राजे त्यांच्या भेटीस आले होते. तेव्हा साहेबांनी त्यांस आशीर्वाद दिला व न्यायाने वागण्याचा उपदेश केला. दफनाच्या दिवशी राजे येईपर्यंत पेटी बंद करण्यात आली नाही. त्यांनी अखेरचे मुखदर्शन घेतले, डोळ्यांतून अश्रू ढाळले, पेटीवर भरजरी वस्त्र घातले व ते कबरेपर्यंत चालत गेले. लोकांचा आक्रोश एवढा होता की, गीत गाणे कठीण झाले. पुढे राजांनी कबरेवरील दगडाकरिता स्वतः इंग्रजीत पद्य रचले, आणि इंग्लंडातील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन यांजकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. त्यात साहेब मृत्युशय्येवर असून राजे त्यांचा हात धरून उभे आहेत असे दाखवले आहे. ते शिल्प तंजावरच्या लहान किल्ल्यातील ख्रिस्ती देवळात आहे. सरफोजी राजे शेवटपर्यंत आपल्या धर्मात राहिले. ते मोठे विद्याव्यासंगी निघाले, व तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय, ज्यात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, त्यांच्यामुळे नावारूपास आले. ज्या मुलाच्या नावाने राज्य करण्याचे साहेबांनी नाकारले, त्याच मुलाने पित्याप्रमाणे त्यांस मानले.

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. अधिकाऱ्यांचा मान राखावा, आणि मोहास दाराबाहेर ठेवावे. ही एकाच खोडाची दोन अंगे कशी, हे आता दिसून आले असेल. जो मनुष्य अधिकाऱ्याकडून गुपचूप काही घेतो, त्यास पुढे दोनच वाटा राहतात: एकतर तो त्याची खुशामत करितो, नाहीतर पाठीमागे त्याची निंदा करितो. खरा मान त्याच्याने राखवत नाही, आणि खरे बोलवतही नाही. ज्याने काही घेतले नाही, तोच मान खाली न घालता अदबीने उभा राहू शकतो. श्वार्ट्झ साहेब नवाबापुढे, राजापुढे, हैदरपुढे व गव्हर्नरापुढे सारखेच उभे राहिले, याचे कारण त्यांचे धैर्य एवढेच नव्हते. त्यांचे रिकामे हात हेही होते.

आपल्या वाटेस हैदरअलीचा दरबार येणार नाही. परंतु गावात तलाठी आहे, सरपंच आहे, पोलीस पाटील आहे. मंडळीत पाळक व वडील आहेत. घरात आईबाप व सासूसासरे आहेत. आणि तीनशे रुपयांची थैली प्रत्येकाच्या दारी येते. रेशनच्या दुकानात काटा हाती असला म्हणजे ती येते. दुसऱ्याच्या बांधाला आपले शेत लागून असले म्हणजे येते. मंडळीच्या वर्गणीची पेटी रात्री आपल्या घरी राहिली म्हणजे येते. निवडणुकीच्या आदल्या दिवशी कोणी दार ठोठावले म्हणजेही येते. उपदेशक बंधूंनो, एखाद्या श्रीमंत घरी लग्नाचा अथवा बाप्तिस्म्याचा नियम थोडा सैल करावा असे वाटते, तेव्हा ती थैली तुमच्या झोळीत पडू पाहत असते. अशा वेळी कोणी पाहत नाही असे समजू नका. जगाला तुमच्या शब्दाची गरज पडेल तो दिवस केव्हा येईल हे ठाऊक नसते. तंजावरच्या शेतकऱ्यांनी साहेबांचा उपदेश किती ऐकला होता कोण जाणे. पण त्यांनी त्यांचे हात पाहिले होते.

ज्या प्रभूने रानात उपाशी असता सर्व जगाची राज्ये नाकारली, आणि जो आपल्या पित्यास मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला, त्याच्याच बळाने श्वार्ट्झ साहेब टिकले. तोच प्रभू आमच्या लहानशा गावांतून, आमच्या लहानशा थैल्यांपाशी, आम्हासही टिकवो, अशी आमची प्रार्थना आहे.